छापील घ्यायचं की ई-बुक? मराठी पुस्तक विकत घेण्याआधी काय काय बघायचं

मागच्या वर्षी आम्ही डोंबिवलीतल्या डोंबिवलीतच घर बदललं. अंतर जेमतेम दीड किलोमीटर, पण पुस्तकांचे एकवीस खोके भरले आणि नवीन बिल्डिंगची लिफ्ट नेमकी त्याच दिवशी बंद. चौथा मजला. टेम्पोवाल्या दादांनी सातवा खोका दारात टेकवला, घाम पुसला आणि विचारलं, "ताई, हे सगळं वाचलंय का तुम्ही?" मी हो म्हणाले. साफ खोटं. रात्री खोके उघडताना कळलं की निम्म्याहून जास्त पुस्तकं मी एकदाच वाचलीयत, काहींचं तर प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही, आणि जी खरंच परत परत हातात घेते ती सगळी मिळून दीड खोक्यात मावली असती.

बरं, डिजिटलवाल्यांनी लगेच हसू नये. काही वर्षांपूर्वी एका ॲपवर ऑफर बघून मी अकरा ई-बुकं घेतली होती, ते ॲप पुढे बंद पडलं आणि अकराच्या अकरा गेली, पैसे पण गेले आणि त्यातलं एक पुस्तक तर मी अर्ध्यावर होते, खून कोणी केला ते अजून माहीत नाही.

म्हणजे दोन्हीकडून आपटून झाल्यावर जी पद्धत बसली ती इथे सविस्तर लिहितेय. "मला कागदाचा वासच आवडतो" आणि "आता कोण घरात रद्दी साठवतं" या भांडणात मी पडत नाही. निर्णय प्रत्येक पुस्तकापुरता घ्यायचा, माणसापुरता नाही. एकाच लेखकाचं एक पुस्तक कागदावर आणि दुसरं फोनवर असं माझ्याकडे सर्रास आहे आणि त्यात काही बिघडत नाही.

पायरी १ : आधी मागची दहा पुस्तकं लिहून काढा

नवीन काही घेण्याआधी एक वही घ्या आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत वाचलेली शेवटची दहा पुस्तकं लिहा, आणि प्रत्येकापुढे लिहा की वाचून झाल्यावर त्याचं काय झालं. परत उघडलं का? कोणाला दिलं का? दिलं ते परत आलं का? कुठे वाचलं, गाडीत की घरी की दवाखान्यात नंबर लागेपर्यंत? हे खरं खरं लिहायचं, इतरांना दाखवायचं नाहीये.

माझे यातून तीन गट निघाले, तुमचे कदाचित वेगळे निघतील. पहिला, एकदा वाचून संपणारी : रहस्यकथा, बहुतेक कादंबऱ्या, लोक ज्याच्याबद्दल बोलतायत म्हणून वाचायचं असं चालू काहीतरी. दुसरा, परत परत जाणारी : कविता, ललित, एखाद-दुसरं आत्मचरित्र. तिसरा, वापरायची पुस्तकं, म्हणजे शब्दकोश, स्वयंपाक, ट्रेकची, झाडांची ओळख करून देणारी, परीक्षेची. पहिल्या गटाला ई-बुक किंवा लायब्ररी. दुसऱ्याला कागद. तिसऱ्याचं मात्र एकेक वेगळं बघावं लागतं. शब्दकोश डिजिटल उत्तम कारण शोधता येतं, पण स्वयंपाकाचं पुस्तक मी फोनवर दोनदा करून पाहिलं, कणकेच्या हाताने स्क्रीन उघडायला गेलं की एक तर उघडत नाही नाहीतर भलत्याच कोणाला तरी फोन लागतो. कागदाच्या पुस्तकावर तेलाचा डाग पडला तर पुढच्या वेळी पान लवकर सापडतं.

धार्मिक ग्रंथांचं आमच्याकडे मजेशीर झालंय. पारायणाला सासूबाईंना मोठ्या टायपातली छापील ज्ञानेश्वरीच लागते, पाटावर ठेवून. पण एखादी ओवी अर्धीच आठवतेय आणि कुठल्या अध्यायातली ते कळत नाहीये, असं झालं की त्याच मला हाक मारतात, "अगं तुझ्या फोनात बघ गं." शोधायला फोन, वाचायला पोथी. त्यांनी कुठलाही लेख न वाचता हे बरोबर वाटून घेतलंय.

पायरी २ : पुस्तक ई-बुक आहे म्हणजे नक्की काय आहे ते बघा

इंग्रजी वाचणाऱ्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. मराठीत पडतो, आणि फसगत सगळ्यात जास्त इथेच होते, म्हणून जरा लांबण लावते.

किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्याबरोबर. त्याआधी आणि नंतरही बुकगंगासारख्या मराठी साइटवर ई-बुकं मिळत होतीच. पण 'ई-बुक' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या किंवा वाटल्या जातात.

पहिली म्हणजे पीडीएफ. हा छापील पानाचा फोटो समजा. पान जसं आहे तसंच राहणार, अक्षर मोठं करायला गेलात की पान स्क्रीनच्या बाहेर जाणार आणि मग प्रत्येक ओळीला डावीकडे उजवीकडे सरकवत बसायचं. बरीचशी मराठी पुस्तकं डेमी आकारात असतात, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. ते पान सहा इंची फोनवर आणलं की काय होणार सांगा. टॅबलेट दहा इंची असेल तर पीडीएफ मस्त वाचता येते, फोनवर ती शिक्षा आहे.

दुसरी म्हणजे ईपब किंवा किंडलचं स्वतःचं फॉर्मॅट. यात मजकूर पाण्यासारखा असतो, भांडं बदललं की आकार बदलतो. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने लागतात. कथा-कादंबरीला हेच हवं.

तिसरी म्हणजे एखाद्या ॲपच्या आतच उघडणारं पुस्तक. आत फॉर्मॅट कुठलाही असो, फाइल तुमच्या हातात येत नाही, त्या ॲपमध्ये लॉगिन करून वाचायचं, बस. वाईटच असतं असं नाही, बुकगंगाचं पण बरंचसं असंच आहे आणि तिथे जी मराठी पुस्तकं मिळतात त्यातली बरीच दुसरीकडे मिळतच नाहीत. पण घेताना माहीत पाहिजे की आपण काय घेतोय.

तेव्हा खरेदीच्या पानावर खाली जाऊन फॉर्मॅट काय लिहिलंय ते वाचा. लिहिलेलं नसेल तर सॅम्पल उघडा आणि अक्षर मोठं करून बघा. ओळी नव्याने लागल्या तर ठीक, पान नुसतं झूम झालं तर ती पीडीएफ.

पायरी ३ : सॅम्पलची दहा मिनिटं परीक्षा घ्या

हे केल्याशिवाय मी आता एकही मराठी ई-बुक घेत नाही. कारण असं की आपल्याकडची जुनी, म्हणजे युनिकोड (सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखीच ओळखली जावीत म्हणून ठरवलेली पद्धत) रुळायच्या आधीची पुस्तकं श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप झालेली आहेत, ज्यात देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. छपाईला काही अडचण नव्हती, छापून सुंदरच यायचं. पण त्याच फाइलचं ई-बुक करायचं म्हणजे सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलायला लागतो, आणि तो बदलल्यावर कोणीतरी बसून मुद्रितशोधन करायला लागतं. ते कधी होतं, कधी होत नाही. काही ठिकाणी तर छापील पुस्तक स्कॅन करून कंप्युटरला अक्षरं ओळखायला लावतात आणि तसंच चढवतात.

बघायचं काय, तर :

वेलांटी जागेवर आहे का. 'किती'ची पहिली वेलांटी उडी मारून भलत्याच अक्षराला लागली असेल तर रूपांतर घाईत झालंय.

रफार. 'वर्ष', 'अर्थ', 'कार्य' हे शब्द शोधा, रफार शेजारच्या अक्षरावर गेलेला दिसला की समजून जा.

'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यातला अर्धा र. हा आपला खास मराठी र आहे आणि गडबडलेल्या फॉन्टमध्ये पहिला बळी याचाच जातो. एका पानात एकतरी 'दुसऱ्या' सापडतोच, त्यामुळे ही परीक्षा सोपी.

स्कॅनवरून केलेलं असेल तर घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प यांची अदलाबदल. मी एका कादंबरीत "ती धाईधाईने धरी गेली" असं वाक्य वाचलेलं आहे. दोन मिनिटं मला वाटलं बोलीभाषा आहे.

मग शोधा. सॅम्पलमध्ये समोर दिसणारा एखादा शब्द सर्चमध्ये टाका. डोळ्यांना दिसतोय पण सर्चमध्ये सापडत नाही म्हणजे आतला मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे किंवा निव्वळ चित्र आहे, आणि मग डिजिटलचा अर्धा फायदा तिथेच गेला. संदर्भासाठी घेत असाल तर सरळ सोडा.

कवितांचं पुस्तक असेल तर अक्षर तुमच्या नेहमीच्या मापाला आणून ओळी कशा तुटतात ते बघा. छोट्या स्क्रीनवर लांब ओळ मधेच मोडते आणि कवीने ओळ तिथे तोडलीय की फोनने, हे कळायला मार्ग नाही. कविता म्हणूनच मी कागदावर घेते, अपवाद करत नाही.

शेवटी फॉन्ट. काही ठिकाणी ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. कोणाला चालतं कोणाला नाही. मला पहिली वीस पानं खटकतं, मग विसरते. माझ्या नवऱ्याला चारशेव्या पानापर्यंत खटकतं आणि तो दर पानाला सांगतो.

पायरी ४ : वाचणार कशावर

फोन तुमच्याकडे आहेच, त्यामुळे नवीन यंत्र घ्यायच्या आधी एक महिना फोनवरच वाचून बघा. नोटिफिकेशन बंद करून, पान पिवळसर करून, अक्षर लाज न बाळगता मोठं करून. महिन्याभरात दोन पुस्तकं पुरी झाली तर तुम्ही डिजिटल वाचक होऊ शकता. एकही झालं नाही तर महागडं यंत्र घेऊनही होणार नाही, ते ड्रॉवरमध्ये चार्जरसकट झोपेल.

ई-इंकचं यंत्र, किंडल वगैरे, हे वेगळं प्रकरण आहे. त्याची स्क्रीन फोनसारखी डोळ्यांत उजेड मारत नाही, बाहेरचा उजेड कागदासारखा परतवते, म्हणून उन्हात गॅलरीत बसून वाचता येतं, आणि रात्रीसाठी जे दिवे असतात ते कडेने पानावर पडणारे. बॅटरी मुख्यतः पान पालटताना लागते, त्यामुळे चार्जिंग आठवड्यांच्या हिशेबात. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून सहाशे पानांची कादंबरी वाचायची असेल तर याला तोड नाही, मी ठाकुर्लीपासून भायखळ्यापर्यंत उभ्याने वाचते. मात्र मराठी पीडीएफ याच्यावर टाकून वाचीन असा विचार असेल तर थांबा, सहा-सात इंची काळ्यापांढऱ्या स्क्रीनवर स्कॅन केलेली डेमी पानं म्हणजे मुंग्यांची रांग.

तुमच्याकडची ईपब फाइल किंडलवर पाठवायला 'सेंड टू किंडल' नावाची सोय आहे, २०२२ पासून ती ईपब सरळ घेते, तिचं किंडलच्या जुन्या मोबी फॉर्मॅटमध्ये रूपांतर करत बसायची गरज नाही. ब्राउझरमधून २०० एमबीपर्यंतची फाइल जाते.

आणि वयस्कर माणसांसाठी सांगते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधीची दोन वर्षं ती छापील पुस्तक वाचूच शकत नव्हती, भिंग घेऊन चार पानांत दमायची. टॅबलेटवर अक्षर एवढं मोठं करून दिलं की एका पानावर आठ-नऊ ओळी मावायच्या, पण तिने वर्षभरात माझ्यापेक्षा जास्त वाचलं. ज्यांना अजिबातच दिसत नाही किंवा पुस्तक हातात धरता येत नाही त्यांच्यासाठी 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, भारतीय भाषांतली पुस्तकं आहेत, आणि अपंगत्वाचा दाखला असणाऱ्यांना नोंदणी करता येते. आणि ऑडिओ हा तिसरा रस्ता आहेच, स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी आहे त्यात. आमच्या मावशी पोळ्या करताना कादंबऱ्या ऐकतात.

पायरी ५ : पैशाचा हिशेब

लोक म्हणतात ई-बुक स्वस्त. इंग्रजीत असेल. मराठीत छापील आणि ई-बुकच्या किमतीतला फरक कित्येकदा किरकोळ असतो, आणि प्रदर्शनातल्या किंवा दुकानातल्या सवलतीत छापीलच स्वस्त पडतं. त्यात छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-बुकवर आहे, आधी तर १८ टक्के होता, २०१८ मध्ये छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकांसाठी तो ५ टक्क्यांवर आणला.

यंत्राचा हिशेब असा मांडा. समजा यंत्र पंधरा हजारांना पडलं आणि ई-बुक घेतल्याने एका पुस्तकामागे सरासरी शंभर रुपये वाचले, तर यंत्राचे पैसे वसूल व्हायला दीडशे पुस्तकं लागणार. वर्षाला पंधरा वाचत असाल तर दहा वर्षं, तोपर्यंत यंत्र टिकलं तर. म्हणून पैसे वाचवायला यंत्र घेऊ नका. जागा, वजन, डोळे, प्रवास यातलं काहीतरी अडत असेल तर घ्या.

छापील पुस्तकाच्या किमतीतून दोन गोष्टी वजा करायच्या असतात ज्या लोक विसरतात : ते विकता येतं आणि देता येतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेणारे-देणारे आहेत, मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळचे फुटपाथ आहेत, आणि काहीच नाही तर रद्दीवाला आहे, जरी तो पुस्तकाला वह्यांच्याच भावाने मोजतो आणि आपला जीव जळतो. ई-बुक विकता येत नाही. बहिणीला द्यायचं तर अख्खा फोन द्यावा लागतो.

परदेशात राहणाऱ्यांचं गणित मात्र पार उलटं. माझी नणंद टोरंटोला असते, तिला चार पुस्तकं पाठवायची तर टपालखर्च पुस्तकांपेक्षा जास्त. ती एकदा वाचायचं सगळं ई-बुक घेते आणि मुलांसाठीची चित्रांची मराठी पुस्तकं दर भारतवारीत बॅगेत भरून नेते, लोणच्याच्या बरण्यांशी किलोचं भांडण करत.

पायरी ६ : विकत घेतलं म्हणजे तुमचं झालं का

नाही झालं. ई-बुकच्या बाबतीत तुम्ही बहुतेक वेळा वाचायचा परवाना घेता, वस्तू नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं परस्पर काढून घेतली होती, कारण ती चढवणाऱ्या कंपनीकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पण पुस्तक रात्रीत गेलं ते गेलंच, आणि त्यातलं एक होतं '१९८४', म्हणजे सरकार कागदपत्रं गायब करतं त्या गोष्टीचं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांच्या घेतलेल्या पुस्तकांसकट केलं, पैसे त्यांनीही परत दिले. आणि फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची घेतलेली पुस्तकं कंप्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोय ॲमेझॉनने काढून टाकली.

मी जे हरवलं त्यात पैसे पण परत आले नाहीत, कारण मी मेल वाचली नव्हती. ॲप बंद होण्याआधी त्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली होती म्हणे. प्रमोशनच्या टॅबमध्ये पडली होती ती मेल.

तर करायचं एवढंच :

जिथे फाइल उतरवून घेता येते, कुलूप नसलेली, म्हणजे एकाच ॲपला बांधलेली नसलेली, तिथे त्याच दिवशी उतरवा. कंप्युटरवर एक फोल्डर, आणि त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर. कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, कोविद गोयल यांनी केलेलं, ते लेखक-नाव-मालिका लावून कपाटासारखं नीट ठेवतं. फाइलची नावं देवनागरीत ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी 'बुक फायनल टू' म्हणजे काय ते आठवत नाही.

ॲपमधली पुस्तकं कुठल्या मेल आयडीवर आहेत ते वहीत लिहा. ऑफिसच्या आयडीवर तर मुळीच नको, नोकरी सुटली की कपाटाची किल्ली गेली.

आणि पुस्तक इतकं आवडलं की दहा वर्षांनीही हवं वाटतंय, तर ई-बुक वाचून झाल्यावर छापील प्रत घ्या. दोनदा पैसे जातात, मान्य. माझ्या बाबतीत असं वर्षाला दोन-तीन पुस्तकांचं होतं. पण उशीर करू नका, मराठी आवृत्त्या लहान असतात आणि 'आवृत्ती संपली' हे उत्तर आलं की मग जुन्या बाजारात फिरत बसायचं. संपलेल्या आवृत्तीचं ई-बुक मात्र संपत नाही, हा मुद्दा डिजिटलच्या बाजूने नोंदवून ठेवा.

पायरी ७ : फुकट आणि कायदेशीर काय आहे ते आधी बघा

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या पीडीएफच्या गठ्ठ्यांबद्दल एकदाच बोलते. परवा घेतलेल्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर आली तर ती चोरीची आहे, आणि ज्या भाषेत हजार प्रती खपल्या की पेढे वाटतात त्या भाषेत ती चोरी थेट लेखकाच्या ताटातून होते. शिवाय त्यातली निम्मी वाकडी स्कॅन केलेली असतात, पान ११२ गायब.

कायद्याने मोकळं झालेलं साहित्य भरपूर आहे. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ ला मोकळं झालं. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणजे २०१७ पासून मोकळे. गडकरी, बालकवी, केशवसुत, हरिभाऊ आपटे तर कधीचे. पु. ल. २००० साली गेले, त्यामुळे तिथे २०६० संपेपर्यंत हात लावायचा नाही. एक खाचखळगा : मूळ मजकूर मोकळा झाला तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, भाषांतर हे दुसऱ्या कोणाच्या तरी हक्काचं असतं, ते मोकळं होत नाही.

मिळतं कुठे? मराठी विकिस्रोतावर टाइप केलेला, शोधता येणारा मजकूर आहे. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर जुन्या ग्रंथांचे स्कॅन आहेत, तिथे प्रत्येक वेळी हक्काचं गणित आपण करायचं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक प्रकाशनं पीडीएफमध्ये ठेवलीयत, मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन वाचता येतो, बालभारतीची पाठ्यपुस्तकं उतरवता येतात आणि ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने ई-बुकं मोफत वाटतं. विश्वकोश तर मी कागदावर कधीच घेणार नाही. खोके उचलणाऱ्यांचा विचार करा.

पायरी ८ : अभ्यासाला आणि मुलांना

इथे माझं मत कागदाकडे झुकतं आणि त्याला थोडा आधारही आहे. २०१८ मध्ये ५४ वेगवेगळ्या अभ्यासांची, मिळून १ लाख ७० हजारांहून जास्त वाचकांची, एकत्र छाननी झाली होती. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला, आणि वेळेचं बंधन असलं की फरक आणखी दिसला. निव्वळ गोष्टी-कथांमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणजे रहस्यकथा खुशाल फोनवर वाचा, पण स्पर्धा परीक्षेचा इतिहास पीडीएफवर वाचून 'झालं माझं' म्हणू नका. पीडीएफच हातात असेल तर महत्त्वाची प्रकरणं झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही बाजूंनी प्रिंट काढून स्पायरल बाइंड करा, आणि बाकीचं स्क्रीनवर चाळा.

लहान मुलांना पानं उलटू द्या, फाडू द्या. आमच्या भाच्याने पहिली तीन पुस्तकं खाल्ली, चौथं वाचलं.

पायरी ९ : कागद घेतलाच तर सांभाळा

डिजिटलचा शत्रू बंद पडणारी कंपनी, कागदाचा शत्रू पाऊस. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या जुन्या वाचनालयात पाणी शिरून ग्रंथ भिजले, तिथे नुकसान रुपयांत मोजता येत नाही. घरात एवढं होत नाही पण ओल आणि कसर होतेच. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं फट ठेवा. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून वर. पुस्तकं कोंबू नका, हवा खेळू दे. वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत ठेवायची जुनी पद्धत चालते, पाला दरवर्षी बदला. गणपती झाल्यावर एकदा सगळी पुस्तकं काढून झटकायची.

पुस्तक भिजलं तर कडक उन्हात टाकू नका, वाकडं होतं. उभं करून पानं पंख्यासारखी सैल सोडा, मधे मधे कोरे शोषणारे कागद घाला, ते ओले झाले की बदला, आणि पंखा लावा. गुळगुळीत आर्ट पेपरवालं पुस्तक आधी हाताळा, त्याची पानं वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात.

उसन्या पुस्तकांची वही ठेवा. तारीख, नाव, पुस्तक. माझ्या वहीत २०१४ पासून एका मैत्रिणीच्या नावावर दोन खंड आहेत, ती आता भेटली की आधी मला टाळते.

आणि हो, लायब्ररी

हे खरं तर पहिल्या पायरीच्याही आधी यायला हवं होतं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ चं. तुमच्या गावातही एखादं असेल, ट्यूबलाइट फडफडणारं. पहिल्या गटातली, एकदाच वाचायची पुस्तकं तिथून आणली की कागद की स्क्रीन हा प्रश्नच उरत नाही, पैसेही जात नाहीत आणि जागाही जात नाही. दिवाळी अंकांसाठी तर मी दुसरा विचारच करत नाही. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची रीत पाडली तेव्हापासून ही चैन आपल्याकडे आहे, आता बरेच अंक ई-बुकमध्येही येतात, पण लायब्ररीच्या दिवाळी अंक योजनेत एकदा पैसे भरले की महिनोन् महिने अंक बदलून आणता येतात. आमच्याकडे दोन अंक विकत येतात, बाकी सगळे लायब्ररीचे, आणि कोणी कोडं आधीच पेनाने सोडवलेलं असतं त्यावरून घरात दरवर्षी चिडचिड होते.

त्या एकवीस खोक्यांपैकी नऊ मी लायब्ररीला दिले. त्यांनी सहा घेतले, तीन परत पाठवले, जागा नाही म्हणाले. तेव्हाही लिफ्ट बंद होती.